बेल्ट लाइनवरची अन्नपूर्णा

देवाची फुलं खाली पाण्यात पडली तर 'टण्' असा आवाज येत नाही, एवढं विज्ञान मलाही येतं. त्यामुळे त्या शनिवारी बागेतल्या धुराड्याच्या जाळीतून निर्माल्य खाली सोडलं आणि 'टण्' ऐकू आलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मी छत्री झटकली, कोपऱ्यावरून पेपर घेतला आणि घरी आलो.

खरं म्हणजे आवाज दोनदा आला होता. एक पडल्याचा. आणि मी जाळीपासून वळलो, चार पावलं चाललो, तेव्हा दुसरा. हलका. कुणीतरी वस्तू उचलून, जपून पुन्हा खाली ठेवावी तसा. पण हे मला नंतर आठवलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी मला नंतरच आठवतात, असं आमच्या घरी सगळ्यांचं एकमत आहे.

धुराडं कसलं, ते सांगायला हवं. ग्लासगोला आमच्या रस्त्याच्या टोकाला एक लहानशी बाग होती. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, आणि मधोमध विटांचं एक गोल, पुरुषभर उंचीचं बांधकाम. वर लोखंडी जाळी. नवख्याला वाटावं विहीर आहे, उंच कठड्याची. ती होती जुन्या बेल्ट रेल्वेच्या बोगद्याची धूर बाहेर सोडायची वाट. खालून गाड्या जाणं कधीच थांबलं होतं, रूळसुद्धा उचलून नेले होते. पण विटांना कान लावला तर खोल आत पाणी वाहत असल्याचं ऐकू यायचं.

आणि मला वाहतं पाणी हवंच होतं. आमच्या हिचा नियम असा की निर्माल्य बिनमध्ये जाणार नाही. ही हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. दिवसभर माणसांना झोपवून पुन्हा उठवायची. मी शाळेत गणित शिकवायचो, म्हणजे मुलं गप्पा मारायची आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा असायचो. शनिवारी हिची ड्यूटी असली की पूजा माझ्याकडे. पूजा करायची, आठवड्याची फुलं कागदी पिशवीत भरायची आणि चालत नदीवर जाऊन सोडून यायची. नदी लांब होती. ग्लासगोचा पाऊस जवळ होता. त्यामुळे पानगळीपासून मी नदी त्या धुराड्यापर्यंत आणली होती. हिला सांगितलं नव्हतं. चौकशी कुणी केली नाही, म्हणून खोटंही बोलावं लागलं नव्हतं.

त्या शनिवारी टीव्हीवर मॅच होती. मी देवांना ताम्हनात घाईघाईत आंघोळ घातली, पुसून जागेवर ठेवले, आणि ताम्हनातला ओला पसारा, म्हणजे शेवंती, पेट्रोल पंपावरची कार्नेशन्स, खिडकीतल्या तुळशीची पानं, सगळा पिशवीत उपडा केला. त्या पसाऱ्यात हिची अन्नपूर्णा होती.

अंगठ्याच्या पेराएवढी पितळेची मूर्ती. मांडीवर आडवी पळी, नाक झिजून सपाट. लग्नाच्या दिवशी गौरीहराशी बसून हिने जी पुजली, आणि आईने जी सासरी जाताना हिच्या ओटीत घातली, ती. आमच्याकडे ती तांदळाच्या वाटीत बसायची. हिची आई आदल्या वर्षी गेली. फोन आला तेव्हा ही ऑपरेशन थिएटरमध्ये होती. रजा, तिकीट हे सगळं जमून ही पुण्याला पोचली तेव्हा तेरावंही उरकलं होतं. घर आवरलेलं, साड्या वाटून झालेल्या. हिने काही मागितलं नाही. म्हणाली, माझ्याकडे आहे तिची वस्तू.

संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर ही देव्हाऱ्यापाशी दिवा लावायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेलो. वाटीतल्या तांदळात मूर्तीच्या बुडाएवढा खड्डा तसाच होता.

"अहो," ही म्हणाली, "ही कुठे गेली?"

मी सगळं सांगितलं. धुराड्याचंही.

"म्हणजे इतके महिने तुम्ही देवाची फुलं रेल्वेत टाकताय?"

"बंद रेल्वे आहे गं. आणि खाली पाणी आहे."

"नदी कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

आमची मुलगी जिन्यातून ऐकत होती. तिचं मराठी ग्लासगोत वाढलेलं. "बाबा," ती म्हणाली, "तू आजीचा देवी ट्रेनला दिला?"

एरवी आम्ही तिघंही हसलो असतो.

रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ही रागावली नाही. फक्त स्वयंपाक करेना. ड्यूटीवरून कितीही दमून आली तरी कुकर लावल्याशिवाय न बसणारी बाई, टोस्ट करून द्यायची आणि समोर बसायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी विषय काढला तर म्हणाली, "मी काही अंधश्रद्धाळू नाही. तुम्हाला माहीत आहे. पण गॅसपाशी उभी राहिले की हात चालत नाही. काय करू?" घरात फोडणीचा वास नाही तर ते घर कसलं, हे मला तेव्हा कळलं. खिडक्यांना घाम धरायचा बंद झाला. भिंती गार पडल्या. मुलगीसुद्धा हळू बोलायला लागली.

आता बेल्ट रेल्वे. हा विषय घरी आणणारा मीच. लायब्ररीत संध्याकाळी स्थानिक इतिहासाचा क्लास चालायचा, तिथे मी नाव घातलं होतं. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा. मी पहिल्या दिवशी उशिरा पोचलो, तोवर किल्ले, कारखाने, गाजलेले खून हे सगळं संपलं होतं. उरली होती शहराची बेल्ट अँड टर्मिनल रेल्वे कंपनी. मी नाइलाजाने घेतली आणि नंतर जेवणाच्या टेबलावर रोज वाढली. कुणी मागितली नव्हती.

पण गोष्ट चांगली आहे. आमच्या शहरात तेव्हा चार मोठ्या रेल्वे कंपन्या. चौघींची चार टर्मिनस, आणि एका घरातल्या जावांसारखं चौघींचं एकमेकींशी बोलणं बंद. एकीच्या स्टेशनवर उतरलेल्या मालाला दुसरीच्या स्टेशनवर जायचं तर घोडागाडी. मग काही व्यापाऱ्यांनी पाचवी कंपनी काढली. तिने शहराला कंबरपट्ट्यासारखी लाइन घातली: चार टर्मिनस, गोदी, गॅसचा कारखाना, कत्तलखाना, फळबाजार, सगळ्यांना जोडत, निम्मी वाट जमिनीखालून. फळबाजाराखाली स्वतःचं टर्मिनल बांधलं. गोल लाइनला टर्मिनल कशाला, हा प्रश्न मी क्लासात विचारला होता. उत्तर कुणाला आलं नाही. या कंपनीची गाडी कुठल्याच गावाला जात नसे. निघायची आणि फिरून तिथेच यायची.

प्रवासीही न्यायचे. बोगद्यात धूर इतका की स्टेशनची पाटी डब्यातून दिसायची नाही, म्हणून गार्डाने प्रत्येक स्टेशनात उतरून नाव पुकारायचं असा शिरस्ता होता. पुढे ट्राम आल्या आणि माणसं वर निघून गेली. पण शहराखाली बिळं पाडायची परवानगी कंपनीला पार्लमेंटने दिली होती ती एका अटीवर: रोज एक तरी प्रवासी गाडी चालवायची. त्या गाडीत प्रवासी हवेत, अशी अट नव्हती. त्यामुळे शेवटी शेवटी ती रिकामीच फिरायची. दिवे लावलेली, डबे मोकळे, आणि प्रत्येक स्टेशनात गार्ड उतरून अंधाराला नाव सांगायचा.

हे मी घरी सांगितलं तेव्हा मुलीने उठून स्वयंपाकघराचा दिवा लावला होता.

अन्नपूर्णा पडली त्याच आठवड्यात क्लासच्या बाईंनी बातमी आणली. आमच्या बागेतल्यासकट शहरातली सगळी धुराडी पुढच्या सोमवारपासून बुजवणार, बोगद्याची तोंडं बांधून काढणार. त्याआधी रविवारी सकाळी कंत्राटदाराचा माणूस शेवटची पाहणी करायला आत जाणार होता, आणि बाईंनी खटपट करून त्याच्याबरोबर दोघांना जायची परवानगी मिळवली होती. बाई लायब्ररीतून रिटायर झालेल्या, काटक, करड्या केसांच्या. लहानपणी आईचा हात धरून त्या रिकाम्या गाडीत बसलेल्या. "दुसरं कोण येतंय?" त्यांनी विचारलं. क्लासातले सगळे आपापल्या वह्यांत बघायला लागले.

मला अंधाराची भीती वाटते. इतिहास मी लायब्ररीतच पसंत करतो, रेडिएटरशेजारी. पण सोमवारी धुराड्यात सिमेंट पडणार होतं. मी हात वर केला.

रविवारी हेल्मेट घालून आम्ही फळबाजारामागच्या लोखंडी दारातून उतरलो. कंत्राटदाराचा माणूस पुढे. दरवाजाएवढा रुंद, हातात मोठा टॉर्च, कमरेला विषारी वायू आला तर वाजणारं यंत्र. त्याने आम्हाला आधीच बजावलं: "मी थांबलो की थांबायचं, मी पळालो की पळायचं."

टर्मिनल क्लासात ऐकलं होतं त्याहून मोठं निघालं. टॉर्चचा उजेड छतापर्यंत पोचता पोचता संपून जायचा. भिंतीला काजळी, काजळीवर पांढरे क्षार ओघळलेले. बाजार बंद होऊन किती काळ लोटला होता, तरी तिथे सडक्या संत्र्यांचा वास होता. तिथून बोगदा सुरू झाला. रूळ नव्हते, खडी होती, खडीवर गुळगुळीत गाळ, आणि कडेने पाण्याची धार आमच्याबरोबर चाललेली.

पहिलं स्टेशन आलं. म्हणजे डाव्या हाताला फलाट उगवला. बाई थांबल्या आणि त्यांनी स्टेशनचं नाव पुकारलं. गार्ड पुकारायचा तसं, शेवट लांबवून. नाव बोगद्यात गेलं, खूप उशिराने परत आलं.

"तसं करू नका, हेन," तो माणूस म्हणाला. इकडे कुठल्याही वयाच्या बाईला प्रेमाने हेन म्हणतात, पण त्याच्या आवाजात त्या वेळी फारसं प्रेम नव्हतं.

"का? छत पडेल?"

"छत नाही पडणार. पण करू नका."

दुसऱ्या स्टेशनाला बाईंनी शब्द पाळला. फलाट दिसला, आम्ही मुकाट्याने चालत राहिलो, आणि त्या स्टेशनचं नाव कुणीतरी म्हटलं. मोठ्याने नाही. कंटाळलेल्या माणसाने रोजचं काम उरकावं तसं. मला वाटलं बाईंनीच, न राहवून. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या माझ्याकडे बघत होत्या. नंतर चहा पिताना त्यांनी मला ते बोलून दाखवलं: त्यांना वाटलं मी म्हटलं. मी! ते नाव मला आजही उच्चारता येत नाही. बसच्या ड्रायव्हरला मी नकाशावर बोट ठेवून दाखवतो.

तो माणूस वळला नाही. "चला," एवढंच म्हणाला आणि जरा भरभर चालायला लागला.

पुढे बोगद्यात एक उजेडाची चकती दिसली. जवळ गेल्यावर कळलं की आमचंच धुराडं. वरच्या जाळीतून करडा उजेड आणि पावसाचे थेंब सरळ खाली येत होते. भिंतीला नेचे उगवले होते. वरून झोपाळ्याची कुरकुर ऐकू आली, कुणी पोर खिदळलं. माझी रोजची बाग माझ्या डोक्यावर होती आणि परक्या देशासारखी लांब वाटत होती.

मी गुडघ्यावर बसलो. पानगळीपासूनची फुलं तिथे ढिगाने पडलेली असायला हवी होती. तिथे ओली, स्वच्छ खडी होती. एक पाकळीसुद्धा नव्हती.

"वाहून गेलं सगळं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. घरी जाऊन आता काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

"नाही," बाई म्हणाल्या. त्या फलाटाकडे टॉर्च धरून उभ्या होत्या.

फलाटाच्या कडेला, अगदी काठावर, एक ओळ मांडलेली होती. एकेकटे हातमोजे. एक चेंडू. चष्मा, एका काचेचा. बाहुलीचा हात. किल्ल्या. वरच्या जाळीतून कधीकाळी पडलेलं सगळं, सारख्या अंतरावर, एका रेषेत. पुढे फुलं. वाळलेली, पण विखुरलेली नव्हती. प्रत्येक शनिवारचा छोटा ढीग वेगळा. ही शेवंती, ही कार्नेशन्स, यावर कुंकू जास्त पडलं होतं तो दिवस. माझ्या पूजा कुणीतरी मांडून ठेवल्या होत्या. आणि ओळीच्या शेवटी, लाइनकडे तोंड करून, अन्नपूर्णा.

"असंच करायचे ते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "लाइनवर काही सापडलं, छत्री, टोपी, कवळी, की ते फलाटाच्या काठावर ओळीने ठेवायचे. पुढची गाडी उचलून टर्मिनलला नेईल म्हणून."

"कुठली पुढची गाडी?" तो माणूस म्हणाला.



अन्नपूर्णेसमोर पावाचा अर्धा स्लाइस होता. पांढरा, चौकोनी, कडा कापलेला. मी वाकून पाहिलं. बुरशी नव्हती. त्याच्यावर लोणी लावलेलं होतं.

"उंदीर," तो माणूस म्हणाला.

"उंदीर लोणी लावतात?" बाईंनी विचारलं.

त्याने टॉर्च फलाटावर सगळीकडे फिरवला. मग खाली, बोगद्यात पुढे, मग आम्ही आलो त्या बाजूला. फलाटावर गाळाचा गुळगुळीत थर होता. त्या ओळीभोवती एकही पाऊल नव्हतं. खालच्या गाळात आमच्या तिघांच्या बुटांचे ठसे होते, येतानाचे. दुसरे नव्हते. तो ते बघत उभा राहिला, आणि मग त्या दांडग्या माणसाने हेल्मेट काढून हातात धरलं. चर्चमध्ये धरतात तसं.

"कोणी आहे का?" त्याने हाक मारली. "बाहेर या बाबांनो! उद्या बंद करतायत हे. कोणी काही बोलणार नाही तुम्हाला!"

पाणी वाहत होतं. वर झोपाळा कुरकुरत होता.

मी फलाटावर चढलो. हिम्मत नव्हती, पण तांदळाच्या वाटीतला तो खड्डा डोळ्यांसमोर होता. हात लांब केला आणि मूर्ती उचलली. तसल्या थंडीत पितळ बोटांना चावायला हवं होतं. चावलं नाही. नुकतीच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखी ती कोमट होती. काय करावं कळेना, म्हणून मी अंधाराला हात जोडले आणि 'थँक यू' म्हणालो. इंग्लिशमध्ये. तिथे मराठी कोणाला कळणार, म्हणून.

 लोखंडी दाराशी पोचल्यावर तो माणूस म्हणाला, "आत कोणी नाही, असं कंत्राटदाराला कळवायचंय मला आज." मग म्हणाला, "ते काही मी सांगत नाही. पुन्हा बघू देत त्यांना." आणि त्याने सिगारेट पेटवली.

घरी ही टेबलापाशी बसली होती, अंगात कोट तसाच. मी मूर्ती समोर ठेवली. हिने ती उचलली, नळाखाली धुतली, आपल्या ओढणीच्या टोकाने पुसली, नाकावरून अंगठा फिरवला. मग कितीतरी वेळ मूठ मिटून खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. मी बघत नाही असं दाखवत पेपर वाचला. उलटा धरला होता, हे मुलीने नंतर सगळ्यांना सांगितलं.

मूर्ती देव्हाऱ्यात गेल्यावर हिने चौकशी सुरू केली. पेशंटच्या नातेवाइकांना विचारते तशी, एकेक. मी सगळं सांगितलं: नाव ऐकू आलं ते, ओळ, गाळ, पाव. माझी अपेक्षा होती की 'तुमचं आपलं काहीतरीच' असं म्हणेल. ही तर्कशुद्ध बाई आहे.

"पाव ताजा होता?"

"हो."

"कडा कापलेला?"

"हो. आणि लोणी."

"नैवेद्य दाखवला म्हणजे तिला," ही स्वतःशीच म्हणाली. "आणि तुम्ही तिला उचलून घेऊन आलात."

"मग काय करायला हवं होतं मी?"

 हिने कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या आणि फडताळातून तांदळाचा डबा खाली घेतला. गॅस पेटल्याचा आवाज आला. मुलगी जिन्यावरून धावत खाली आली आणि दारातच थांबली. हिने वाटी डब्यात बुडवली, भरली, आणि तशीच हातात धरून माझ्याकडे वळली.

"अहो," ही म्हणाली, "खाली साधारण किती जण असतील?"